कोंडलेल्या कुलूपवाल्याला भेटलेल्या अँटीबॉडी

ती. ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार, तुझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनाही. आजी झालीस, आनंद झाला. बाळ कुणावर गेलंय ते कळवू नकोस, मी स्वतः येऊन ठरवणार आहे. पण तुझी लेक (डॉक्टर झाली तरी माझी भाचीच) म्हणते, "मामा, डांग्या खोकल्याची लस घेतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही." म्हणून काल दवाखान्यात गेलो, हात धुवायला तिथल्या न्हाणीघरात शिरलो आणि कडी अडकून तिथेच कोंडला गेलो. जन्मभर लोकांची कुलपं उघडणारा तुझा भाऊ आत, आणि हत्यारांची पिशवी बाहेरच्या बाकावर (हसू नकोस, हिचं हसणं अजून थांबलेलं नाही).

दाराच्या आतल्या बाजूला अँटीबॉडींचा तक्ता चिकटवलेला होता. दुसरा उद्योग नव्हता, म्हणून वाचला आणि थक्क झालो. मी कुलूप बघून किल्ली घासतो. शरीर मात्र पुढे कुठला जंतू येणार याचा पत्ता नसताना आधीच असंख्य तऱ्हांच्या किल्ल्या घडवून ठेवतं, आणि जी बसेल तिच्या भराभर नकला काढतं. ताई, हे वाचून मी माझ्या धंद्याबद्दल फुशारकी मारायचं सोडलं.

या किल्ल्या म्हणजेच अँटीबॉडी, आणि त्यांच्या जातींना नुसती इंग्रजी अक्षरांची नावं. त्यातली 'एम' सगळ्यांत आधी धावते, तिच्यासारख्याच पाच जणी एकमेकींना धरून. मागून येते 'जी', सावकाश पण पक्की, एकदा आली की मुक्काम लांबवणारी. 'ए' दाराशीच बसलेली: डोळ्यांच्या पाण्यात, थुंकीत, आईच्या दुधात. 'ई' नेमलेली जंतांसाठी, पण आपल्या घराण्यात ती मांजराच्या केसालाही चोर समजते (एका गिऱ्हाइकाची मांजर पायाला घासली, तर माझं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं). 'डी'चं काम म्हणे शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही. प्रत्येक लग्नघरात असा एक पाहुणा असतोच.

डोळे भरून आले ते 'जी'पाशी. वारेतून पोटातल्या बाळाकडे जाते ती हीच एकटी. म्हणजे आपली पोर ओकाऱ्या काढत, आपल्यावर डाफरत बसली होती, तेव्हा आतून लेकराला शिदोरी बांधून देत होती. ती काही महिनेच पुरते, मग त्याचं त्याला घडवावं लागतं. तोवर आपण त्याच्यावर खोकायचं नाही, एवढंच आपलं काम.

शेवटी सुताराने दार उतरवून मला बाहेर काढलं.

तुझा धाकटा

ता.क. कडी अडकली नव्हती. सुई दिसली, म्हणून मीच आत शिरून कडी लावून घेतली. सुतार दार उतरवत होता, तेव्हा मी त्याला आतून सूचनाही दिल्या.

ता.क. २. म्हणजे लस राहिलीच आहे. गुरुवारी पुन्हा बोलावलंय. तू येशील का? भाचीला सांगू नकोस. त्या इवल्याशा जिवाला माझ्यामुळे काही झालं, तर मला जन्मभर झोप लागणार नाही. माझा हात घट्ट धर, आणि दाराच्या बाजूला तू बस.