लाळेऱ्याचं वजन

४ ऑगस्ट
रुग्णालय, खाट अकरा

ती. वन्संना,
साष्टांग नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र बरंच आहे.

रविवारी आपलं फोनवर जे झालं, त्यानंतर माझा रक्तदाब मोजला आणि इथल्या डॉक्टरीणबाईंनी माझा फोनच काढून घेतला. सातवा महिना आहे, पडून राहायचं आणि नणंदेशी बोलायचं नाही, असं त्यांनी तुमच्या भावाला बजावलं. लिहायला मनाई केलेली नाही. तो व्हॅन घेऊन एक दिवसाआड इकडे येतो. पत्रं त्याच्या खिशातून जातील-येतील.

त्याच्याकडून कळलं की भुंग्याला औषध पाजण्याआधी आणि नंतर तुम्ही त्याच्या लाळेऱ्याचं वजन करता. तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तराजू त्यासाठी घरी आणलाय म्हणे. वन्सं, ते माझं अडीच वर्षांचं पोर आहे, तुमच्या बाटल्यांच्या कपाटातला नमुना नाही.

औषध कशाचं आहे हे तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात त्याला दोनदा झटके आले, म्हणून जूनमध्ये डॉक्टरांनी तीन मिलीचं पाच केलं. सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ चुकता कामा नये. माझ्याकडून तो एका घोटात घेतो. एक-दोन-तीन म्हणायचं, की तोंड उघडतो. नाक दाबायचं नाही. दुधात मिसळायचं नाही. एवढं जमलं तरी पुष्कळ.

लोभ आहे तेवढाच राहू द्या, वाढवायची घाई नाही.
तुमची वहिनी

६ ऑगस्ट

प्रिय वहिनीस,
आशीर्वाद. मागितलेले नसले तरी परत घेता येत नाहीत.

पत्र मिळालं. ते मिळण्याआधीच मी दुधाची चूक करून बसले होते, हे आधी कबूल करते. पहिल्याच दिवशी अर्ध्या कपात औषध मिसळलं. दोन घोट घेऊन त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या खिशात हात घालताना पकडली गेलेय. आता तो निळा कप दिसला तरी भिंतीला पाठ लावून उभा राहतो. दूध वाटीतून चमच्याने पाजावं लागतं, तेही मी एक चमचा पिऊन दाखवल्यावर.

तुझं एक-दोन-तीन करून पाहिलं. एकला हसला, दोनला त्याने दात आवळले, तीनला मी पिचकारी गालात घातली. पुढची दहा मिनिटं तो गाल फुगवून घरभर हिंडला. गिळलं असं समजून मी बाटलीचं झाकण लावायला वळले, तेव्हा सगळं माझ्या चष्म्यावर आलं. उरलेलं भिंतीवर.

तराजूचं म्हणशील, तर मला दुसरा मार्ग सुचला नाही. किती पोटात गेलं हे कळायलाच हवं ना? पाच मिलीचं वजन सहा ग्रॅमच्या आसपास भरतं. लाळेरं तीन ग्रॅमने जड झालं तर अर्धं गेलं नाही. त्यात लाळ किती, हे मला ठरवता येत नाही, म्हणजे माझा आकडाही खरा नव्हे. पण अंदाजापेक्षा बरा. डॉक्टरांनी सांगितलंय की थुंकलं तरी आपल्या मनाने पुन्हा द्यायचं नाही, म्हणून देत नाही. फक्त लिहून ठेवते.

मला एकच सांग. तू त्याला कसा बसवतेस? मांडीवर, खुर्चीत, कुठल्या कुशीवर? टोमणा मारत नाहीये, शिकायचं आहे.

राग उतरला की दोन ओळी लिही. नाही उतरला तरी लिही.
ताई

८ ऑगस्ट

ती. वन्सं,
नमस्कार, उशीला टेकून.

कसा बसवतेस म्हणून विचारता. वन्सं, मुलं बसवायची नसतात, ती बसतात. माणूस ओळखीचं असलं की. तुम्ही त्याच्या जन्मानंतर दर महिन्याला त्याची उंची मोजून गेलात, पण कधी त्याच्याबरोबर जमिनीवर लोळलात का? हे वहीतून येत नाही. कुठल्या कॉलेजातही शिकवत नाहीत.

दुधाचं वाचून मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, आमच्या पोराचं दूध तोडलं हिने. पोराला दूध एवढंच एक बिनतक्रार आवडत होतं. आता मी घरी येईन तेव्हा दोन पोरं असतील, त्यातलं एक दुधाला घाबरणारं. आभारी आहे.

आणि त्याला तुमच्याकडे ठेवायचं माझ्या मनात नव्हतं, हेही सांगून टाकते. माझी आई येते म्हणाली होती. तुमचा भाऊ म्हणाला, ताई काटेकोर आहे, औषध तिच्याच हातून नीट जाईल. तेव्हा जाऊ द्या नीट.

माया असू द्या, पण भुंग्यावर. माझ्यावर नसली तरी चालेल.
वहिनी

१२ ऑगस्ट

प्रिय वहिनीस,
आशीर्वाद, आणि थोडा आगाऊपणा.

तुझ्या गेल्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. डायरीत तीन पानं लिहिली आणि ती तुला पाठवली नाहीत, यात माझा मोठेपणा आहे की भित्रेपणा, ते ठरत नाही.

पण बातमी चांगली आहे. ८ तारखेच्या संध्याकाळपासून औषध पूर्ण जातं. आजच्या सकाळपर्यंत सलग आठ वेळा. लाळेरं आधी जेवढं, नंतरही तेवढंच. पिचकारीचं टोक जिभेवर न ठेवता गालाच्या आतल्या बाजूला ठेवायचं, थोडं-थोडं दाबायचं, प्रत्येक वेळी गिळेपर्यंत थांबायचं. रडतो, पण गिळतो. संपलं की माझ्याच पदराला तोंड पुसतो आणि माझ्याकडे पाठ करून बसतो. पाच मिनिटांनी येऊन मांडीवर चढतो. मी एकटी बाई, मूलबाळ नाही, वहीतून शिकलेली. तरी एकटीने जमवलं, एवढं तुला कळवावंसं वाटलं.

दोन दिवस जरा शांत आहे. दुपारी तीन-तीन तास झोपतो. काल जेवता जेवता ताटलीवरच डुलकी घेतली. ओरडून दमत असेल. मलाही घर शांत हवंच होतं.

तब्येत जप. माझ्या पत्राने रक्तदाब वाढला तर डॉक्टरीणबाईंना दाखव, माझी हरकत नाही.
ताई

१४ ऑगस्ट
मुलांचा वॉर्ड

ताई,

काल दवाखान्यात तुझ्याशी बोललो नाही, कारण तोंडातून काहीतरी वाईट गेलं असतं. म्हणून हे लिहून खालच्या चौकशीच्या खिडकीवर ठेवतोय.

पोराला उभं करता येत नव्हतं. डोळे उघडत होता आणि परत मिटत होता. त्याआधी दारुड्यासारखा झोकांड्या खात पायरीवरून पडला. रक्त तपासलं, त्यात औषध फार निघालं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांत उतरेल, धोका टळलाय. पण गेलं कसं ते कुणीतरी सांगायला हवं. मी तुला काटेकोर समजत होतो. तूच दोनदा दिलंस का, की मोजताना चुकलीस?

इथून सुटला की भुंग्या त्याच्या आजीकडे जाईल. तुझ्या वहिनीला मी सांगितलंय. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला असं काही सांगायची वेळ तू माझ्यावर आणलीस.

तुझा भाऊ

१६ ऑगस्ट

प्रिय वहिनीस,

आशीर्वाद लिहायचं धाडस होत नाही, तरी असू दे.

भावाने तुला सगळं सांगितलं आहे. माझी बाजू मांडायला लिहीत नाहीये. माझी बाजू आहे की नाही, हेच मला माहीत नाही. झोपाळू झाला तेव्हाच मी दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी त्याला शांत म्हटलं, कारण तो शांत असणं मला सोयीचं होतं. हा दोष माझा, आणि तो मी कुणाला वाटून देणार नाही.

पण जास्त औषध दिल्याचं म्हणशील, तर दोन दिवस मी तेच शोधते आहे. आधी वहीवरचा विश्वास उडाला. मग बाटली प्रयोगशाळेत नेली आणि उरलेलं मोजलं. जेवढं उरायला हवं तेवढंच आहे. पिचकारीच्या रेघा तपासल्या, त्या बरोबर आहेत. मी पाचच्या वर एकदाही गेलेली नाही. तरी रक्तात जास्त आलं.

हे सगळं घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वही बाजूला सारली आणि एकच विचारलं. मे महिन्यात, तीन मिली असताना, ते सगळं पोटात जात होतं का? कारण तेव्हा अर्धंच जात असेल, तर झटके आले ते औषध कमी पडलं म्हणून नव्हे, गेलंच नाही म्हणून. मग पाच मिली या पोराला मुळातच फार होतं, फक्त आजवर ते कधी पूर्ण गेलं नव्हतं.

मी म्हटलं, त्याची आई सांगते की पूर्ण जात होतं. ते म्हणाले, तसं असेल तर हे औषध याला मानवत नाही. तीनवर झटके येतात, पाचवर शुद्ध जाते. सोमवारपासून ते बंद करून दुसरं सुरू करू. दुसरं जास्त कडक आहे. त्याने यकृतावर परिणाम होऊ शकतो, दर पंधरा दिवसांनी सुई टोचून रक्त काढावं लागेल.

मी तुला काही विचारत नाही. भाऊ माझ्याशी बोलत नाही, ते मी निभावून नेईन. फक्त सोमवार उद्या आहे.

ताई

१६ ऑगस्ट, संध्याकाळ

ती. वन्सं,

तुमचं पत्र तुमच्या भावाने दुपारी दिलं. वाचून मी थांबले नाही, दिवसपाळीच्या सिस्टरचा फोन मागितला. भुंग्याच्या डॉक्टरांशी बोलले. सोमवारी औषध बदलणार नाहीत. हेच परत तीन मिली करतील, ते पूर्ण जातंय हे पाहतील. हे आधी लिहिलं, कारण तुम्ही पहिली तीच ओळ शोधाल.

आता बाकीचं. तो माझ्याकडून एका घोटात कधीच घेत नव्हता. एक-दोन-तीन मी बनवलं. सकाळी तुमचा भाऊ आंघोळीला गेला की मी पोराला फरशीवर आडवं करायची, तो लाथा मारायचा, मी पिचकारी रिकामी करायची, तो फुर्रकन उडवायचा. हा बाहेर यायच्या आत मी फरशी पुसून ठेवायची. कधी अर्धं जायचं, कधी तेवढंही नाही. परत द्यायची भीती वाटायची. मग मी कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची.

जूनमध्ये डॉक्टरांनी विचारलं, सगळं जातं का. मी हो म्हटलं. का म्हटलं, ते तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर वही उघडून बसला होता. डॉक्टरांचा प्रश्न तुम्ही लिहून घेतला आणि माझ्या उत्तरासाठी पेन धरून थांबलात. वन्सं, तुमच्या वहीत माझ्या नावापुढे नाही असं उमटलेलं मला बघवलं नसतं. पोराचं काय होईल हे त्या क्षणी डोक्यात आलंच नाही. डोक्यात फक्त तुमचं पेन होतं. हा दोष तुमचा नाही. पण पेन तुमचंच होतं.

पोर पडलं तेव्हा तुमचा भाऊ म्हणाला, ताईने जास्त दिलं. मी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस मी तुम्हाला त्यात राहू दिलं. मला बरंही वाटत होतं. तेही लिहिते.

हे पाकीट चिकटवलेलं नाही. तुमचा भाऊ वाचायला बसला तर वाचू दे. समोर बसवून सांगायचं झालं तर मी पुन्हा खोटंच बोलेन.

लोभ मागायची ही वेळ नाही, म्हणून मागत नाही.
तुमची वहिनी

२० ऑगस्ट

प्रिय वहिनीस,
आशीर्वाद. या वेळी मनापासून, पण रागासकट.

राग गेलेला नाही, तो जाईल असं खोटं लिहिणार नाही. दोन दिवस माझा भाऊ मला अपराधी समजत होता आणि तुला ते ठाऊक होतं. हे मी विसरेन, तर ते वय झालं म्हणून.

भुंग्या काल घरी आला, माझ्याकडेच. भाऊच घेऊन आला. तुझं पाकीट त्याने वाचलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही. माझ्या हातात दिलं तेव्हा कागद उलटा घडी घातलेला होता. तो बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहिला आणि धुतलेलीच भांडी धूत बसला. मग म्हणाला, आजचं औषध मी देतो, त्यात काय एवढं आहे. तीन मिलीपैकी दोन मिली त्याच्या शर्टावर आलं. पोर हसलं. भावाने शर्ट तसाच ठेवला, बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, ती हे रोज दोनदा करत होती. एवढंच. आज तुझ्याकडे येतोय, त्याला तूच बोलतं कर.

आता माझं. तू लिहिलंस म्हणून मला लिहावं लागतं आहे, नाहीतर मी लिहिलं नसतं, हेही खरं.

८ तारखेला संध्याकाळी मी थकून रडत होते. पलीकडच्या घरात शिवणकाम करणाऱ्या बाई आवाज ऐकून आल्या. त्यांनी काही न विचारता भुंग्याचे पाय आपल्या मांडीत धरले, एका हाताने त्याचे दोन्ही हात धरले आणि मला म्हणाल्या, आता दे. गालाच्या आत टोक ठेवायचं त्यांनीच दाखवलं. तेव्हापासून त्या सकाळ-संध्याकाळ मशीन थांबवून येतात. वहीत मी तारीख लिहिली, वेळ लिहिली, लाळेऱ्याचं वजन लिहिलं. त्यांच्यासाठी रकाना केला नाही. तुला लिहिलं, एकटीने जमवलं. ते वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं होतं, म्हणजे चुकून गेलेलं नाही. तुला लागावं म्हणूनच लिहिलं.

हे काम दोन हातांचं नाही, वहिनी. मला चार हात मिळाले आणि मी ते लपवले. तुझ्याकडे दोनच होते, आणि मी शेजारच्या खुर्चीवर माझे दोन्ही घेऊन बसले होते. एका हातात पेन, एका हातात वही.

मीही पाकीट चिकटवत नाही.

ताई