कामावरची बाई

माय, आज गडचिरोलीला जाऊन आलो. बचत गटांच्या बायकांपुढे बोलायचं होतं, प्रदर्शनात गाळा घेतला तर माल कसा खपवायचा यावर. सत्तरी ओलांडली तरी लोक मला अजून बोलावतात, आणि मीही इस्त्रीचा सदरा घालून नवरदेवासारखा निघतो. मी त्यांना सांगितलं की टेबलामागे पहारेकऱ्यासारखं उभं राहू नका, माल गिऱ्हाइकाच्या हातात द्या, आणि जमलं तर गाळ्यात बसून काम करा, कारण काम चालू दिसलं की माणूस थांबतो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुढे बसलेल्या एकीने विचारलं, "भाऊ, हे तुमाले कोनं शिकवलं?" मी तिला उत्तर दिलं, आणि परतीच्या एसटीत बसल्यापासून ते उत्तर माझा पिच्छा सोडत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. तुला वाचता येत नव्हतं, हे मला माहीत आहे. तू असतीस तर मीच वाचून दाखवलं असतं, आणि मग अर्ध्यात माझी जीभ अडखळली असती.

सिंदेवाहीजवळचं आपलं घर आठवतं ना? पुढच्या खोलीत बाबांचा माग आणि मागे तुझा स्वयंपाक. चुलीवर एका बाजूला भात शिजायचा आणि दुसऱ्या बाजूला राखेच्या पाण्यात कोसे, रानरेशमाचे ते कोश, उकळायचे. त्या उग्र वासात आम्ही जेवायचो आणि बाहेरचा माणूस आला की नाक दाबायचा. जेवणं झाली की तू ओसरीवर बसायचीस, लुगडं मांडीपर्यंत सरकवायचीस, मांडीला चिमूटभर राख लावायचीस आणि चारपाच कोशांची टोकं एकत्र धरून तळहाताने मांडीवर पीळ द्यायचीस. शेजारच्या बायकाही तशाच बसायच्या. गावात कुणाला त्यात काही वाटत नसे. पण स्वातंत्र्य मिळून सातआठ वर्षं झालेली, बाजारात नकली रेशीम आलेलं, आणि बाबांचा माग महिन्यामहिन्याने थांबायला लागलेला. त्यात विणकरांच्या सोसायटीला चांद्याच्या, आताच्या चंद्रपूरच्या, प्रदर्शनात एक गाळा मिळाला. मी मॅट्रिक झालेला, बावीस वर्षांचा, सोसायटीत कारकून. गाळा मलाच सांभाळायला दिला. तिथे एखादा मोठा व्यापारी गाठला तर माग चालेल, नाहीतर बाबा जंगलात बांबू तोडायला जातील, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

तू चुलीपुढून म्हणालीस, "मी बी येतो. कोसे घेऊन तिथीच सूत काढत बसतो. लोकायले दिसलं तर पायजे ना, कसं होते थे."

मी एकदम भडकलो. "माय, तिथं साहेबलोक येतील. त्यायच्यापुढं मांडी उघडी टाकून बसशील?"

"काऊन रे? काम करून राह्यली, चोरी नाई करून राह्यली."

"ये म्हणतो ना, ये. पण नुसती मागं बस."

तू चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलंस. आता वाटतं, त्याच वेळी थांबायला हवं होतं मी. पण तेव्हा माझ्या अंगात शहाणपण मावत नव्हतं. शहरात एक गाळा पाहून आलो होतो, तिथे काचेचं कपाट होतं, म्हणून आपल्यालाही काचेचं कपाट हवं, एवढंच डोक्यात होतं.

छोट्या रुळांच्या आगगाडीने आपण चांद्याला गेलो. मी कपाट मिळवलं, टेबलावर पांढरी चादर अंथरली, बाबांनी विणलेली लुगडी नि उपरणी घड्या घालून मांडली, आणि माझ्या सुंदर अक्षरात पाटी लिहून टांगली, 'कृपया हात लावू नये'. तू पाटीकडे पाहून विचारलंस, काय लिहिलं? मी सांगितलं. तू हसलीस. "कोसा पाहून नाई समजत रे बाबू, धरूनच समजते." मी ऐकल्यासारखं केलं. दोन दिवस लोक आले, काचेत डोकावले, हात मागे बांधून पुढे गेले. समोरच्या गाळ्यात कुंभार चाक फिरवत होता, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्या गाळ्यात मी माशा मारत बसलेलो, आणि मागे तू, मांडीवर कोशांचं गाठोडं घेऊन, एखाद्या पाहुणीसारखी अवघडून.

तिसऱ्या दिवशी दुपारी कचेरीतून बोलावणं आलं म्हणून मी तासभर गेलो. परत येतो तर आपल्या गाळ्यापुढे ही गर्दी! मला वाटलं काही पेटलं की काय. लोकांना सारून आत शिरतो तर तू चादर बाजूला करून मधोमध बसलेली. पाटी उलटी करून ठेवलेली. लुगडं गुडघ्याच्या वर, मांडीवर राख, तळहात सरसर चाललाय आणि कोशातून सोनेरी धागा निघतोय. बायका कोसे हातात घेऊन कानाशी हलवून पाहतायत. तू हसून सगळ्यांशी बोलतेयस. इतकी खुलून बोलताना मी तुला घरीही पाहिलं नव्हतं. नागपूरचा एक व्यापारी तुझ्यापुढे उकिडवा बसून धागा बोटांनी ताणून बघत होता. आणि गर्दीत माझ्या शाळेतले दोघे उभे होते. त्यातला एक तुझ्या मांडीकडे पाहून दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला आणि दोघे हसले.

व्यापाऱ्याने मला विचारलं, "ही बाई कोन तुमची?"

मी म्हणालो, "कामावरची बाई आहे."

तुझा हात थांबला. तू माझ्याकडे पाहिलंस, फार वेळ नाही. मग लुगडं खाली ओढून व्यापाऱ्याला म्हणालीस, "हो जी, कामावरचीच आहो मी." आणि परत धागा धरलास, या वेळी गुडघा झाकून, आणि पीळ नीट बसेना. लाज वाटते माय, आजही वाटते. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे तर त्याहून वाईट.

व्यापाऱ्याने मोठी मागणी नोंदवली. अट एकच घातली, "सूत याच बाईच्या हातचं पायजे." गाडीत तू गाठोड्यातून मुरमुरे काढून माझ्यापुढे केलेस आणि म्हणालीस, "खा, सकाळपासून उपाशी आहेस." मी खाल्ले. घरी बाबांना तू सांगितलंस की पोराने गाळा झकास मांडला होता. माग पुढे कित्येक वर्षं चालला. सोसायटीने दुसऱ्या वर्षी तुलाच घेऊन यायला सांगितलं, तर तू म्हणालीस गुडघे दुखतात. त्याच गुडघ्यांनी तू रोज ओसरीवर बसत होतीस. मी एकदाही म्हणालो नाही की माय, चल, या वेळी मी सगळ्यांना सांगतो तू कोण ते. शेवटच्या दुखण्यात तुझे पाय चेपताना मांडीवरचा तो काळा घट्टा माझ्या हाताला लागला. तेव्हा माफी मागायची होती. तू डोळे मिटले होतेस, झोपली आहेस असं मी धरून चाललो.

त्यानंतर मी गावोगाव हेच शिकवत फिरलो. काच काढा, पाटी काढा, बसून काम करा. तुझंच सगळं, आणि टाळ्या मला. आज त्या बाईने विचारलं कोणी शिकवलं, तेव्हा हसणारं कुणी नव्हतं. समोर सगळ्या तुझ्यासारख्याच बायका होत्या. तरी माझ्या तोंडून निघालं, "आमच्याकडं एक कामावरची बाई होती, तिच्यापासून शिकलो."

हा कागद घडी करून तुझ्या सुताच्या शेवटच्या लडीखाली ठेवतो आहे, पेटीत. एक सांगायचं राहिलं. त्या बाईने पुढे विचारलं, "नाव काय होतं जी तिचं?" मी म्हणालो, आता आठवत नाही.