अच्चाम्माने हात मागे घेतला

१२ जानेवारी
लहानपणी शाळेच्या बोर्डिंगमध्ये लस टोचायला रांग लागायची. अच्चाम्मा माझ्यामागे लपायची. मग मीच तिचा दंड धरायचे. डोळे पुसत म्हणायची, "एली, तू धरलंस म्हणून हं!"
आता तिला माझं नाव आठवत नाही. कोट्टयमच्या या वृद्धाश्रमात आमच्या खाटा शेजारी आहेत — एवढंच उरलंय.

१५ जानेवारी
डॉक्टर जोबी विसरण्याच्या आजारावर संशोधन करतायत. दर आठवड्याला रक्त काढणार. संमतीचे कागद प्रार्थनेनंतर आश्रम चालवणाऱ्या सिस्टर बेनिट्टांनीच वाटले. सिस्टरांच्या हातचा कागद — नाही कोण म्हणणार! सगळ्यांनी सह्या केल्या. अच्चाम्माने अंगठा दिला. तिला कुणी नाही, म्हणून साक्षीदार मी, जुनी शिक्षिका. 'यांना सर्व समजले आहे' — त्याखाली माझी सही.
ती त्याच कागदाने वारा घेत होती.

२२ जानेवारी
सुई पाहून तिने हात मागे घेतला. "अम्मच्ची, आजी गं, मुंगी चावते तेवढंच!" नर्स म्हणाली. पुन्हा मागे घेतला. मी दंड धरला. जुनी सवय!
ती रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली.

२३ जानेवारी
अच्चाम्मा जेवली नाही. मासळीलाही हात लावला नाही.

२९ जानेवारी
आज मी मध्ये उभी राहिले. "हात मागे घेतेय, म्हणजे नको म्हणतेय!"
जोबी वैतागले. "टीचर, साक्षीदार तुम्हीच ना?"
"हो. खोटी साक्ष दिली मी."
सिस्टर हळूच म्हणाल्या, "तिच्या भल्याचंच आहे हो."
"तिच्या नाही, सिस्टर. पुढच्या रुग्णांच्या. म्हणून तर तिला विचारायला हवं!"
संशोधनाच्या नैतिकता समितीला पत्र टाकलं.

१९ फेब्रुवारी
समितीच्या बाई येऊन गेल्या. काम तूर्त थांबलं. यापुढे कागद सिस्टर वाटणार नाहीत. बाहेरचं माणूस एकेकाला वेगळं बसवून समजावणार. हात मागे घेतला, तर तो नकार.
धावत येऊन अच्चाम्माला सांगितलं. तिने दंड शालीखाली लपवला.

४ मार्च
अच्चाम्मा गेली. शेवटपर्यंत मला दंडाला हात लावू दिला नाही.

११ मार्च
माझ्या स्मरणशक्तीच्या तपासणीचा निकाल आला. मलाही तोच आजार. सुरुवात आहे म्हणे.
म्हणून आजच, समजतंय तोवर — जपमाळ सिस्टर बेनिट्टांना. पुस्तकं शाळेला. अच्चाम्माची शाल माझ्यासोबत शवपेटीत. रक्त डॉक्टर जोबींना, लागेल तेवढं. आणि हे पान समितीच्या बाईंना: मी हात मागे घेतला, तर थांबा. माझा दंड धरायला कुणा मैत्रिणीला बसवू नका.