फुलीचे धोंडे

५ जानेवारी १९७३
आपल्या माळावर खाण निघणार! दुष्काळी कामातल्या पाझर तलावाला दगड हवा. ओव्हरसियरसाहेबांनी नकाशा पसरला — इथून तोंड काढायचं, पायऱ्यापायऱ्यांनी खाली जायचं, मुरूम पलीकडे टाकायचा. बोट थेट माझ्या धोंड्यावर. शाळेला छप्पर नव्हतं तेव्हा सात वर्षं त्याच्यावर बसून कविता शिकवल्या. मी वर, चौथीचा वर्ग खाली, चाल वाऱ्यावर.
घरी बायकोला, बयाबाईला सांगितलं. म्हणाली, "आवं, धोंडा हाय त्यो. जावई न्हाई."

८ जानेवारी
मुकादम गुंडा मापं घेत होता. कडेच्या एका धोंड्यावर चुन्याची फुली. ही कसली रे?
"साहेबाची खूण, गुरुजी. समदी मापं हितनं. फुलीच्या धोंड्याला हात लावायचा न्हाई, धा पावलांत सुरुंग न्हाई."
साहेब पंधरा दिवस साताऱ्याला. आणि घरात पानाचा चुना आहे.

९ जानेवारी
मारली. माझ्या धोंड्यावर.

१२ जानेवारी
गुंडानं निमूट खाणीचं तोंड पूर्वेला वळवलं. पण पूर्वेला तो हत्तीसारखा धोंडा — पोरं सोंडेवरून घसरायची. तो तरी कशाला जावा? फुली.
बयाबाई — "पान तर एकच खाता. चुना कुटं जातोय?"

१६ जानेवारी
सहा झाल्या. जोतीराम पाठांतर चुकून ज्याच्यामागे रडत बसला, तो. तपासनीसासमोर मीच ओळ विसरलो, तोही.
गुंडा डोकं खाजवतो. "साहेबाचा नकाशा लय अवघड हाय, गुरुजी."
साहेबाचा कुठला, माझा! छाती फुगली हे इथे कबूल करतो.

१८ जानेवारी
खाणीत सामसूम. जिथे जावं तिथे फुली आडवी. उरला नुसता मुरूम. बाया पाट्या पालथ्या घालून बसलेल्या. हरणाबाई उठून पाया पडली. माझ्याच वर्गातली, सगळ्या कविता तिला तोंडपाठ.
"तीन दिस हजेरी न्हाई, मजुरी न्हाई, गुरुजी. दगूड न्हाई तर हजेरी कशाची? तुमी शिकल्यालं हाय, जरा त्यो नकाशा बघा की."
बघितला. बराच वेळ. उलटा धरलाय, हे गुंडानं सांगितलं.

१९ जानेवारी
उजाडताच अर्धा तांब्या पाणी आणि फडकं घेऊन गेलो. साहेबाची तेवढी ठेवली, माझ्या सहाही पुसल्या. सुरुवात बसायच्या धोंड्यापासून केली — शेवटी ठेवला असता, तर राहिलाच असता.