संध्याकाळी एकदाच सेव्ह

सोमवार, २ फेब्रु.
माने काका आज भर हापिसात माझ्यावर घसरले. "बाई, तुमच्या त्या सर्व्हरला सांगा, आमी हितं तुमच्या जन्माच्या आधीपासून हाव!" कारण काय, तर घरी निघताना दाबलेलं त्यांचं सेव्ह सर्व्हरनं घेतलं नाही. लाल पट्टी. 'ही नोंद दुसऱ्याने बदलली आहे. पुन्हा उघडा.'

पुन्हा उघडायचा कमीपणा वाटतो त्यांना. काकांची रीत ठरलेली. सकाळी नेट बरं असतं, तेव्हा संस्थेच्या सगळ्या शाळांतल्या शिक्षकांच्या नोंदी एकामागून एक उघडून ठेवायच्या. दिवसभर सवडीनं त्यात रजा भरायच्या, मधे चहा, मधे आल्यागेल्याची विचारपूस. आणि निघताना सगळ्यांवर एकदमच सेव्ह, कुलूप लावल्यासारखं. मधल्या वेळात शिक्षकानं आपल्या शाळेतून त्याच नोंदीत काही बदललं असेल, तर काकांची सकाळची शिळी नोंद त्याच्यावर बसणार. म्हणून तर असं सेव्ह अडवणारा चेक मी सर्व्हरवर ठेवलाय. सांगितलं तसं. म्हणाले, "मग त्यांनी दिवसा हात कशाला लावावा?"

आता बोला.

बुधवार, ४ फेब्रु.
सचिव साहेबांनी बोलावलं. काका आधीच खुर्चीत. मी पुन्हा पहिल्यापासून: साहेब, प्रत्येक नोंदीला एक आकडा असतो. कुणी बदल केला की आकडा पुढं सरकतो. काकांनी उघडली तेव्हाचा आकडा आणि आत्ताचा आकडा जुळला नाही, तर सर्व्हर अडवतो. हे काढलं तर शेवटी जो दाबेल त्याचं खरं.

साहेब म्हणाले, "शेवटी हेड ऑफिसच दाबणार ना? मग बरोबरच आहे की."

सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या पुण्याच्या कंपनीतल्या प्रतीकनं तिकडूनच चेक काढला. सर्व्हर रीस्टार्ट, खेळ खलास. माझी विरोधाची मेल त्यानं वाचली होती. "ताई, क्लायंट म्हणेल तसं. आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?" बरोबर आहे. वाईटपणा घ्यायला मी बसलेय ना इथं धाराशिवात.

उद्यापासून शिक्षकांच्या बदल्यांचं पोर्टल उघडतंय, आणि पसंती भरायची ती याच नोंदींत. नेमकं आत्ताच.

शुक्रवार, ६ फेब्रु.
दिलीपनं पसंती भरली. (तोंडानं नवऱ्याचं नाव घेत नाही, इथं घेते. तेवढीच चैन.) माकणीच्या शाळेत नेट धड लागत नाही, मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीवर चढून भरलं म्हणे. "हिरवी पट्टी आली बघ. 'जतन झाले.' आता काय?"

"आता काही नाही. हिरवी पट्टी आली म्हणजे डेटाबेसात बसलं. निवांत राहा तुम्ही."

धाराशिवात गणिताची एकच जागा रिकामी. लग्नापासून तो माकणीला, मी इथं. शनिवारी दुपारी येतो, सोमवारी पहिल्या गाडीनं जातो. चिऊच्या निबंधातली पहिली ओळ: 'माझे बाबा शनिवारी असतात.' बाईंनी खाली 'छान' लिहिलंय. काय छान?

रविवार, ८ फेब्रु.
कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला. दिलीपनं बघितलं, दिवसभर गुणगुणत होता. चिऊला सायकल शिकवायचं ठरलं, जूनपासून, रोज. 'रोज' हा शब्द तिनं दहादा म्हणवून घेतला त्याच्याकडून.

शुक्रवार, १३ फेब्रु.
यादी लागली.

धाराशिवची गणिताची जागा कळंबच्या एका नवख्या सरांना. दिलीपच्या नावापुढं, 'बदलीची मागणी नाही.'

मागणी नाही! अरे, टाकीवर चढला होता माणूस!

दिलीपचा फोन आला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "तू म्हणली होतीस ना, बसलं म्हणून." एवढंच. मागं पोरांचे पाढे चालले होते.

चिऊला सांगितलं नाही. कप्पा तसाच.

सोमवार, १६ फेब्रु.
चाचणीसाठी एक खोटा शिक्षक सर्व्हरवर ठेवलेला असतो. सकाळी काकांनी बाकीच्यांबरोबर त्याचीही नोंद उघडली. दुपारी मी माझ्या टेबलावरून त्याच्या पसंतीत नळदुर्ग भरलं. हिरवी पट्टी. निघायच्या वेळी काकांच्या मागं जाऊन उभी राहिले. टपाटप सेव्ह दाबत गेले, सगळ्यांवर हिरवी पट्टी. "बघा बाई, आता कसं गुमान घेतंय!" खरंच खूश होते.

जागेवर येऊन खोट्या शिक्षकाची नोंद पाहिली. नळदुर्ग गायब. पसंतीचा रकाना कोरा.

म्हणजे दिलीपचं असंच गेलं. दुपारी बसलं, संध्याकाळी काकांनी पुसलं. काका घरी गेल्यावर ज्यांनी भरलं, त्यांचंच टिकलं. पुसलं हे त्यांना माहीतही नाही. कुणी कधी काय बदललं त्याचे जुने लॉग बघावेत तर जागा वाचवायला प्रतीकनं ते आठवड्यालाच उडवायला लावलेत. सर्व्हरला काही आठवत नाही. मला आठवतं, पण मी पडले बायको. माझ्या बोलण्याला काय किंमत?

काकांवर मनसोक्त चिडावं म्हटलं तर तेही जमेना. जाताना चिऊसाठी हुरड्याची पिशवी ठेवून गेले.

मंगळवार, १७ फेब्रु.
नळदुर्गच्या शाळेतल्या जगदाळे बाई आल्या होत्या. गणिताच्याच. त्यांनीही धाराशिव भरलेलं, त्यांच्यापुढंही 'मागणी नाही'. मोबाइलवर हिरव्या पट्टीचा फोटो होता. साहेबांनी चष्मा वर करून बघितला. "हिरवी पट्टी कशाचीही असू शकते, मॅडम."

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मी काय वेडी आहे का हो? आई इथं अंथरुणाला खिळलीय. शेजारीण येऊन पाणी पाजती तिला. मी मागणी करणार नाही?" मग हळूच, "तुम्हाला तरी पटतंय ना?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्यांनाही कळलं नसेल.

त्या दिलीपपेक्षा ज्येष्ठ आहेत. पुसलेलं सगळ्यांचं परत भरलं, तर धाराशिवची जागा त्यांची. दिलीपला माकणीच. एकट्या दिलीपचं भरलं, तर दिलीपची.

हे मला कळायलाच नको होतं.

बुधवार, १८ फेब्रु.
खोट्या शिक्षकाचा प्रकार साहेबांना करून दाखवला. त्यांनी स्पेशल चहा मागवला. स्पेशल चहा आला की समजावं, आपल्या गळ्यात काहीतरी येणार.

"हे बाहेर गेलं तर अख्खी यादी रद्द करावी लागंल. संस्थेची अब्रू जाईल." मग आवाज उतरवून, "तुमच्या मिस्टरांचंही गेलंय म्हणं. पुढच्या बुधवारी एक दिवस पोर्टल उघडू. त्यांचं तेवढं दुरुस्त करा. आमी सुधारित यादी काढतो. बाकीच्यांना कळवत बसू नका."

"आणि जगदाळे बाई?"

"पुढच्या वर्षी बघू की."

तिथंच नाही म्हणायला हवं होतं. मी चहा संपवला. आल्याचा होता, चांगला होता. स्वतःची शिसारी आली.

शनिवार, २१ फेब्रु.
दिलीप आला. साहेबांचं सांगितलं. जगदाळे बाईंचं नाही सांगितलं.

"मग कर की. कशाची वाट बघतीस?"

"असं मागल्या दारानं बरोबर नाही हो."

"माझं गेलं ते पुढल्या दारानं गेलं काय?"

जेवताना चिऊ विचारत होती, सायकल लाल घ्यायची की निळी. तो म्हणाला, "आईला विचार, तिच्याच हातात हाय सगळं." लेकराच्या तोंडावर असं बोलायचं! मी भाकरी थापत राहिले. दोन करपल्या.

रविवार, २२ फेब्रु.
सोमवारची वाट न बघता आजच गेला. "पेपर तपासायचेत." पेपर अजून झालेले नाहीत, एवढं मला कळतं. स्टँडवर चिऊचा हात सोडताना म्हणाला, "तुला नवऱ्यापरीस सर्व्हर प्यारा." गाडी हलेस्तोवर मोबाइलमध्ये बघत बसला.

सर्व्हर प्यारा! ज्याच्यापायी अख्ख्या हापिसाशी वैर घेतलं, तो सर्व्हर माझं ऐकत नाही, ज्याच्यासाठी घेतलं तो नवराही ऐकत नाही.

मंगळवार, २४ फेब्रु.
राहवलं नाही. दिलीपला फोन करून सगळं सांगून टाकलं. उद्या पोर्टल उघडतंय. जगदाळे बाई ज्येष्ठ आहेत. त्यांची आई. खरं बघितलं तर जागा त्यांची.

पलीकडं नुसता वारा. टाकीवर असणार.

"हे शनिवारी का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही ऐकून घेतलं असतं?"

ते सोडून म्हणाला, "करणार हायेस का उद्या?"

कुठल्या बाजूनं विचारत होता, काही कळेना. 'कर' म्हणून की 'करू नको' म्हणून. "तुम्ही सांगाल तसं," म्हटलं.

"मी न्हाय सांगणार. तू ठरव."

छान. म्हणजे पाप झालं तर माझं, पुण्य झालं तरी तो माकणीलाच आणि तेही माझ्यामुळंच.

बुधवार, २५ फेब्रु.
हापिसातच लिहितेय.

सकाळी पहिलं काम, चेक परत बसवला. कुणाला विचारलं नाही. प्रतीकला नंतर मेल टाकली, साहेबांना तीही नाही. बोंबलू दे बोंबलायचं ते.

माने काका आज रजेवर, पाहुण्यांत कार्य आहे. म्हणजे आज एखाद्या नोंदीला हात लावणारे दोघंच. हेड ऑफिसातून मी, आणि शाळेतून ज्याची नोंद तो स्वतः.

दिलीपची नोंद उघडली. पसंतीत धाराशिव घातलं. सेव्हवर बोट नेलं आणि उठून पाणी प्यायला गेले. मग डबा खाल्ला. मग जगदाळे बाईंचा नंबर काढला, लावला नाही. म्हटलं, दुपारी बघू. दुपारी म्हटलं, चहा होऊ दे. माने काकांना नावं ठेवत होते, आणि मीच दिवसभर नोंद उघडी टाकून बसले.

शिपाई खिडक्या लावायला आला तेव्हा दाबलं. होय, दाबलं. जगदाळे बाईंचं तोंड डोळ्यांपुढं दिसत असताना दाबलं. चिऊची सायकलही दिसत होती, पण तो बहाणा झाला.

लाल पट्टी.

'ही नोंद दुसऱ्याने बदलली आहे. पुन्हा उघडा.'

दुसरा म्हणजे दिलीपच. दुसरं कोण असणार? दिवसात कधीतरी टाकीवर चढला आणि बदलून गेला. मला फोन नाही, काही नाही.

एक तर त्यानं धाराशिव भरलंय, मी भरणार नाही असं वाटलं म्हणून. नाहीतर माकणीच भरलंय, मी भरणारच असं वाटलं म्हणून.

यातलं कुठलं निघालं तर मला बरं वाटेल? कुठलंच नाही.

शिपाई दारात उभा आहे. "मॅडम, कुलूप लावायचंय." एक मिनिट थांब म्हटलंय त्याला. पुन्हा उघडायला एक क्लिक पुरे. अजून उघडलं नाही.