शेपटीच्या जायरोबाबतचे कलम

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा मोटार वाइंडिंग (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. भावजयीचे मत वेगळे आहे, पण ती डॉक्टर नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. कोणी आणले असते तर ते टिकलेही नसते.

कलम १. दुकान आणि त्यावरची खोली माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावी. जिन्याची पाचवी पायरी करकरते. ती दुरुस्त करू नये. वर कोण येते आहे ते तिच्यावरून कळते. भाऊ दोन-दोन पायऱ्या चढायचा आणि नेमकी तीच टाळायचा. गेली दहा वर्षे मी न वाजणाऱ्या पायरीकडे कान लावून बसले आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक भावजयीला. तिने मला कधी गोड शब्द दिला नाही, पण भावाचे घड्याळदुरुस्तीचे दुकान बंद पडले तेव्हा घर तिनेच सावरले. हे तोंडावर म्हणायचे राहून गेले.

कलम ३. वाइंडिंगचे मशीन आणि सर्व हत्यारे शेजारच्या पंपदुरुस्तीवालीला. 'उद्या आणून देते' म्हणून तिने नेलेला मल्टिमीटरही आता तिचाच समजावा. त्या उद्याला सहा वर्षे झाली.

कलम ४. रेडिओवरची मॉडेल विमाने उडवणाऱ्या आमच्या क्लबचे मिशीवाले सेक्रेटरी चारचौघांत म्हणाले होते, "बाईमाणसानं हेलिकॉप्टरच्या फंदात पडू नये." त्यांना हेलिकॉप्टरचे तुटलेले पाते द्यावे आणि कलम पाच वाचेपर्यंत त्यांनी मिशीला पीळ देऊ नये.

कलम ५. रेडिओवर उडणारे माझे मॉडेल हेलिकॉप्टर, रिमोटसह, धाकट्या भावाला. याला कारण लिहिणे भाग आहे.

हेलिकॉप्टरचे मोठे पाते फिरू लागले की बाकीचे धूड उलट्या दिशेला फिरू बघते. त्याला शेपटीचे छोटे पाते आवरते. आणि किती आवरायचे ते शेपटीच्या मोटरीला सांगते काडेपेटीएवढी एक डबी, तिला जायरो म्हणतात. बॅटरी जोडली की जायरो आधी आपला स्थिर बिंदू, म्हणजे न हलण्याची खूण, शोधतो. तेवढा वेळ हेलिकॉप्टरला बोटही लावायचे नसते. आम्ही दोघे हात मागे बांधून उभे राहायचो आणि भाऊ मोठ्याने दहा आकडे मोजायचा. घड्याळजीच तो, त्याचे दहा म्हणजे दहा सेकंद. माझे सातातच संपायचे.

अकरा वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी मी शेपटीची मोटर बदलली. नवी मोटर जुनीच्या उलट दिशेने फिरणारी निघाली. अशा वेळी जायरोवरचे बारीक बटण पलटावे लागते, नाहीतर शेपटी आवरण्याऐवजी तो तिला आणखी ढकलतो. हातात धरून नाक डावीकडे वळवून पाहिले असते तर तिथेच कळले असते. छत्तीस वर्षे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावले, "आधी कुठल्या बाजूला फिरते ते बघा, मग जोडा." स्वतः मात्र बघितले नाही. मला कोण विचारणार, हा ताठा.

रविवारी सकाळी मैदानावर सगळा क्लब जमला होता. भावाने रिमोटने हेलिकॉप्टर हातभर वर नेले आणि ते भोवऱ्यासारखे गरगरून आपटले. मी सर्वांदेखत ओरडले, "हात थरथरतात तुझे! घड्याळं तरी कशी दुरुस्त करतोस?"

ऐकणाऱ्यांत त्याची तीन गिऱ्हाइके होती. बातमीला पाय फुटले. वर्षाच्या आत लोक घड्याळे दुसरीकडे नेऊ लागले. तो स्वतःही आपले हात टेबलावर ठेवून बघत बसायचा. माझ्याकडे आला की कप अर्धाच भरायला सांगायचा. पुढे यायचाच बंद झाला.

खरे कारण मला त्याच रविवारी दुपारी कळले होते. मोडलेल्या सांगाड्यातून जायरो काढला, बॅटरी जोडली, हाताने फिरवला आणि बटण उलट बाजूला दिसले. मी तो डब्यात ठेवून झाकण लावले. त्याचे हात कधीच थरथरत नव्हते. चूक माझी होती आणि ती लपवलीही मीच.

हेलिकॉप्टर मी पुन्हा उभे केले आहे. बटण बरोबर आहे, नाक वळवून दहादा तपासले आहे. जायरोचा जोर किती ठेवायचा ते मात्र ठरवलेले नाही. जास्त झाला तर शेपूट वळवळते, कमी पडला तर वाऱ्याने बहकते. ते उडवतानाच कळते, आणि एकेक नखभर वाढवत नेणारे हात मला एकाचेच माहीत आहेत.

हे कलम माझ्या पश्चात त्याच मैदानावर, क्लबासमोर मोठ्याने वाचावे. नंतर भावाने बॅटरी जोडावी आणि दहा मोजावेत. मला त्या मोजण्याची फार आठवण येते.

वरील मजकूर मी वाचून सही केली.

साक्षीदार: १. वकीलबाई. २. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन.

फेरफार. सही झाल्यावर वकीलबाईंनी चष्मा काढला. "बाई, फोन का नाही करत त्यांना?"

मी म्हटले, "फोन केला तर 'असू दे गं ताई' म्हणेल. मला 'असू दे' नकोय. जिथं बोलले तिथंच परत घ्यायचंय."

"घ्या की. पण तुमच्या पश्चात ते दहा मोजतील, ते तुम्हाला ऐकू येणार आहे का?"

 मी पेनाचे टोपण पुन्हा काढले. कलम पाचमधील 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडून त्या जागी 'येत्या रविवारी सकाळी सात वाजता' असे वाचावे. वाचणार मी. निरोप पोस्टमन स्वतः नेऊन देतील. तो आला नाही, तर बॅटरी जोडू नये.

खाडाखोडीवर माझी सही. दोन्ही साक्षीदारांच्या सह्या.

ठिकाण: दुकानावरची खोली.
दिनांक: आज शुक्रवार.