विजयाचं पापलेट

केळवे, ता. ४ जानेवारी १९८७

चि. विजयास, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे सासूबाईंचा खोकला सोडला तर सगळे खुशाल. तू मासे रंगवलेल्या बशा मुंबईच्या प्रदर्शनाला जाणार म्हणे! आणि शेठ त्यांना ‘विजयाचं पापलेट’ म्हणतो? वा गं वा! खारीच्या केसांचा ब्रश तुझ्या हातात दिला कोणी? डोळ्याभोवतीची तीन टिंबं कोणाची? लग्न झालं म्हणून मी बोईसरचा चिनीमातीचा कारखाना सोडला, नि माझं स्टूल तुला मिळालं. मी इथे बोंबील वाळवतेय, तू नाव कमव. जळते मी, खोटं कशाला बोलू?

निळा फिका येतो म्हणतेस, तर दोन हात दे, चांगले जाड. कच्चा असताना काळपटच दिसतो, भिऊ नको. भट्टीतून निळाशार निघतो.

आईला नमस्कार. लोभ आहेच, कुठे जातोय!

तुझी पुष्पा


घिवली, ता. २२ जानेवारी १९८७

ती. पुष्पाताईस, सा. न. वि. वि.

ताई, घात झाला गं. प्रदर्शनाच्या चाळीसच्या चाळीस बशा काळ्या पडल्या, वर फोड आले. कोणाचं ऐकून केलंस, म्हणून शेठ ओरडला. तुझं नाव कसं घेऊ? माझंच डोकं, म्हटलं. मीच रंग फार जाड दिला असणार. तुझं कधी चुकत नाही.

त्यानं ब्रश काढून घेतला, आता मी बशा पुसायला बसते. शेठला मीच सांगितलं, माझ्या ताईला बोलवा. तो तयार आहे. आई म्हणते, पुष्पा आली तर बरं होईल, तिचा जीव तिथंच हाय. भावजींना विचार आणि ये. तुझ्या शेजारी बसून पुसेन मी.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी विजया


केळवे, ता. ३० जानेवारी १९८७

चि. विजयास, आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले. कामावर न्यायचा डबा मी घासूनसुद्धा ठेवला होता. आज तो परत फळीवर ठेवला.

निळ्याला एकच हात पुरतो, विजया. दुसरा दिला की काळा पडतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनच तुला तसं लिहिलं.

हे पत्र शेठला दाखव आणि आपल्या स्टुलावर बस. टिंबं तीनच ठेव.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

पुष्पा